बिल ‘वर’ अडकले आहे म्हणे! हे ‘वर’ म्हणजे नेमके कोठे?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या वस्तीतील विहारात रोज रात्री ग्रंथवाचन होते. गेल्या वर्षावासातील ही गोष्ट. वाचन आटोपले, वंदना झाली, मंडळी चपला शोधू लागली. एक भगिनी मात्र भिंतीला टेकून बसून राहिली. मुंबईलगतच्या एका महानगरपालिकेत ती कंत्राटावर झाडलोटीचे काम करते. सकाळी सहाला हजेरी, दुपारी दोनला सुटी. मालक वारले. मुलगी बारावीला, मुलगा नववीत.

“काय ताई, बरं नाही का?” आम्ही विचारले.

“बरं आहे भाऊ. पण तीन महिने झाले, पगार नाही. मुकादम म्हणतो, बिल वर अडकलंय. ठेकेदार म्हणतो, बिल वर अडकलंय. हे वर म्हणजे कुठं असतं? तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला ठाऊक असंल.”

खरे सांगायचे तर आम्हांस उत्तर देता आले नाही. निवडणूक आली की कोणाची सत्ता येणार यावर आम्ही रात्ररात्र बोलतो. पण सत्ता आल्यावर पैसा कोणत्या खोलीतून, कोणाच्या सहीने, कोणत्या ठरावाने बाहेर पडतो, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? ‘वर’ कोणीतरी बसला आहे आणि तो सारे ठरवतो, हा समज आपण १९५६ साली नागपूरला सोडून आलो. मग महानगरपालिकेच्या बाबतीत तो का धरून ठेवावा? त्या रात्रीनंतर आम्ही कायदे वाचले, जुने ठराव पाहिले, जाणत्या मंडळींना विचारले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खिसा कोणाचा?

पहिली गोष्ट ही, की महानगरपालिकेचा पैसा आपला आहे. झोपडीत राहणारा माणूस म्हणतो, “आम्ही कुठे कर भरतो?” भरतो, भाऊ, भरतो! घरमालक मालमत्ता कर भरतो आणि भाड्यातून वसूल करतो. पाणीपट्टी आपण भरतो. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. मुंबईत ती १ जुलै २०१७ रोजी बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार पालिकेला भरपाई देऊ लागले. तो पैसा वस्तू व सेवा कराच्या काळातील, म्हणजे साबणाच्या वडीपासून मुलाच्या बुटापर्यंत आपण जे विकत घेतो त्यातून सरकारकडे गेलेला.

जुना इतिहास तर याहून बोलका आहे. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्या कायद्यात एका कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. मैला उचलणाऱ्या माणसाच्या नावाने कर वसूल व्हायचा. कराचा पैसा तिजोरीत जायचा आणि मैला मात्र त्या माणसाच्या डोक्यावर राहायचा. पुढे त्या कराचे नाव बदलले. डोक्यावरचे ओझे किती बदलले, हे वाचकांनीच सांगावे.

तीन खांब

महानगरपालिकेचा कारभार मुख्यत्वे तीन खांबांवर उभा असतो. पहिला आयुक्त. तो सरकारने नेमलेला अधिकारी. अंमलबजावणीचे अधिकार त्याचे. करारावर पालिकेच्या वतीने सही होते ती त्याच्या अधिकाराने. दुसरा खांब स्थायी समिती. नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेली ही छोटी समिती म्हणजे पालिकेच्या तिजोरीची राखणदार. मुंबईत तिचे सभासद २७ आणि राज्यातील इतर महानगरपालिकांत १६. दरवर्षी निम्मे सभासद निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. तिसरा खांब म्हणजे सर्व नगरसेवकांची महासभा. मुंबईत निवडून येणारे नगरसेवक २२७ आहेत.

या रचनेतील गोम अशी, की ज्याच्या हाती खर्च करण्याचे काम आहे त्याला मोठ्या खर्चाची मंजुरी स्वतःच देता येऊ नये. ठरावीक रकमेपर्यंतचे काम आयुक्त आपल्या अधिकारात देऊ शकतो. त्यावरच्या रकमेचा करार स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय होऊ शकत नाही. म्हणूनच काही ठिकाणी एका कामाचे चार तुकडे पाडण्याची हुशारी केली जाते. तुकडा मर्यादेच्या आत बसतो आणि समितीपुढे जावे लागत नाही. एकाच रस्त्याच्या, एकाच गटाराच्या चार वेगळ्या निविदा दिसल्या, तर आपण कान टवकारावेत.

घरखर्चाची वही आणि पालिकेचे अंदाजपत्रक

पगार झाला की घरची बाई मनात हिशेब मांडते. इतके भाड्याला, इतके किराण्याला, इतके पोरांच्या फीला. पालिकेचा असाच हिशेब म्हणजे अंदाजपत्रक. आयुक्त ते तयार करतात आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्थायी समितीला सादर करतात. समिती त्यावर चर्चा करून फेरफार सुचवते. मग ते महासभेपुढे जाते. १ एप्रिलला नवे वर्ष सुरू होण्याआधी ते मंजूर व्हावे लागते.

मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचे होते. एवढा आकडा वाचून आपले डोळे फिरतात आणि आपण पान उलटतो. तेथेच आपण चुकतो. मोठ्या आकड्याच्या पोटात लहान आकडे असतात. आपल्या विभागातील शौचालयाची दुरुस्ती, दवाखान्यातील औषधे, पालिकेच्या शाळेतील पोरांचे गणवेश, नालेसफाई हे सारे तेथे ओळीने मांडलेले असते. ज्या कामाला अंदाजपत्रकात तरतूद नाही, त्या कामाला नंतर कितीही मोर्चे काढले तरी “या वर्षी पैसा नाही” हेच उत्तर मिळते. आपण मोर्चा काढतो मे महिन्यात, पाणी आटल्यावर. खरी मागणी करायची असते डिसेंबर-जानेवारीत, अंदाजपत्रक तयार होत असताना.

कागदाचा प्रवास

आता आपल्या ताईच्या कामाचे उदाहरण घेऊ. एका विभागातील रस्ते झाडण्याचे कंत्राट द्यायचे आहे. कागद कसा फिरतो?

प्रथम खाते खर्चाचा अंदाज बांधते. कामगार किती, दिवस किती, मजुरीचा दर कोणता, झाडू, हातमोजे, गमबूट, साबण, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा, विमा. वाचकहो, ताईच्या पगाराचा निकाल खरा येथेच लागतो. येथे दर कमी धरला किंवा माणसे कमी धरली, तर पुढे कोणीही कितीही भला असो, पगार वाढणार नाही.

मग त्या अंदाजाला वरिष्ठांची मान्यता मिळते आणि निविदा निघते. ज्याला आपण टेंडर म्हणतो तीच ही. मुंबईच्या कायद्याप्रमाणे तातडीचा प्रसंग सोडला तर करारापूर्वी किमान सात दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. आता निविदा संगणकावर भरल्या जातात. ठेकेदार अनामत रक्कम भरतो. पहिल्या पाकिटात त्याची कागदपत्रे आणि पूर्वीचा अनुभव पाहतात. त्यात जो बसला त्याचेच दराचे पाकीट उघडतात. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला साधारणपणे काम मिळते. पण सर्वांत कमी दर घेतलाच पाहिजे असे आयुक्तावर बंधन नाही. सर्व बाजूंचा विचार करून जी निविदा फायद्याची ठरेल ती घ्यावी, असा कायद्याचा आशय आहे.

हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रस्ता बांधणारा ठेकेदार अंदाजापेक्षा वीस टक्के कमी दर देतो तेव्हा तो डांबरात किंवा सिमेंटात काटछाट करील अशी शंका येते. झाडलोटीच्या कंत्राटात डांबर नाही की सिमेंट नाही. तेथे खर्चाचा मोठा भाग म्हणजे माणसाची मजुरी. मग वीस टक्के कमी कोठून होणार? माणसाच्या पोटातूनच ना? कमी दराची निविदा मंजूर झाली की पालिकेचा पैसा वाचला अशी बातमी येते. तो कोणाच्या ताटातून वाचला, हे त्या बातमीत नसते.

दर ठरला की आयुक्त स्थायी समितीला मंजुरीसाठी प्रस्तावाचे पत्र पाठवतात. मंजुरी मिळाली की करार होतो, कार्यादेश निघतो आणि काम सुरू होते. महिना भरला की ठेकेदार बिल सादर करतो. त्याला हजेरीपत्रक जोडावे लागते, मजुरी दिल्याचा पुरावा आणि भविष्य निर्वाह निधी भरल्याचे चलन जोडावे लागते. खात्याचा अधिकारी काम झाल्याचे प्रमाणित करतो, लेखा विभाग तपासतो आणि मग पैसे सुटतात. या साखळीतील एक कडी निसटली की बिल थांबते.

समितीच्या खोलीतील भाषा

स्थायी समितीच्या कामकाजाची भाषा सामान्य माणसाला चकवते. आपला विषय आला तर तिचा अर्थ ठाऊक असावा. विषयपत्रिका म्हणजे त्या दिवशी येणाऱ्या विषयांची यादी. ‘तहकूब’ म्हणजे विषय पुढील सभेवर ढकलला. ‘फेरविचारार्थ परत’ म्हणजे प्रशासनाने पुन्हा पाहावा म्हणून मागे पाठवला. ‘उपसूचना’ म्हणजे प्रस्तावात सुचवलेला बदल. आणि ‘दप्तरी दाखल’ हे ऐकून आपला माणूस खूश होतो, की चला, आपला विषय दप्तरात गेला! पण त्याचा अर्थ तो विषय निकाली निघाला, फेटाळला गेला, असा असतो.

कायद्याने आणखी एक कुंपण घातले आहे. पालिकेच्या कंत्राटात ज्या नगरसेवकाचा हिस्सा किंवा हितसंबंध आहे, त्याचे पद जाऊ शकते. स्वतःच मागायचे आणि स्वतःच मंजूर करायचे, हे चालत नाही. पण हितसंबंध भावाच्या, मेहुण्याच्या, मित्राच्या नावाआड लपले, तर ते कोण शोधणार? तेथे जागा मतदारांचीच पाहिजे.

बत्तिसांत एक हात

मंजुरीच्या टेबलावर एक माणूस काय करू शकतो, हे पाहायचे तर महात्मा जोतीराव फुले यांच्याकडे पाहावे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर सजवावे, त्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा विषय आला. जोतीरावांनी सांगितले, की हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. बत्तीस सभासदांत विरोध करणारे ते एकटेच होते. खर्च मंजूर झाला. जोतीराव त्या दिवशी हरले असे कोणी म्हणेल. पण त्या एकतीसजणांची नावे आज कोणास आठवतात?

जोतीरावांना हे धैर्य कोठून आले? एक कारण असे, की कंत्राट कसे चालते हे त्यांना आतून ठाऊक होते. त्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. मजूर आणि सरकारी खात्यातील लाचखाऊ यांच्यामध्ये पैसा कोठे गळतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लेखणीने उघडे केले. पुण्यात मोठ्या खर्चाने मंडई बांधण्यासही त्यांचा विरोध होता. त्याच मंडईला पुढे त्यांचे नाव दिले गेले. जाणकारी आणि निर्भयता एका ठिकाणी आली की असा सभासद तयार होतो. आपल्या वस्तीतून नगरसेवक निवडताना या दोन्ही गोष्टी आपण पाहतो काय? की फक्त जयंतीला वर्गणी किती दिली हेच पाहतो?

ठराव होतो आणि ठराव फिरतो

नगरपालिकेच्या ठरावाची ताकद आपल्या समाजाइतकी कोणास कळावी? महाडचे चवदार तळे घ्या. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव झाला, पण ओंजळभर पाणी कोणाला मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तळ्यावर गेली, तेव्हा त्या कागदाला जीव आला. आणि मग काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला! पुढे न्यायालयात दहा वर्षे झुंज चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

यातून आम्ही दोन धडे घेतो. कागदावरचा ठराव माणसे उभी राहिल्याशिवाय जमिनीवर येत नाही. आणि झालेल्या ठरावावर नजर ठेवली नाही, तर तो गुपचूप फिरवलाही जातो.

कामगाराचे नाव पुसले जाते तेव्हा

१९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन केला. शहर साफ ठेवणाऱ्या माणसाला कामगाराचा मान आणि कायम नोकरीचा आधार मिळावा, यासाठी ती धडपड होती. कायम सफाई कामगाराला पगार, निवृत्तिवेतन, रजा आणि लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळते. कंत्राट आले आणि हे सारे एका फटक्यात गेले. काम तेच, झाडू तोच, वस्तीही तीच. फक्त मालकाचे नाव बदलले.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या बाबतीत शब्दांचा खेळ कसा झाला पाहा. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० सालचा कायदा त्या वेळी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होत असे. म्हणून वीसपेक्षा कमी माणसांचे छोटे ठेके दिले गेले. कामगाराला ‘स्वयंसेवक’ म्हटले, पगाराला ‘मानधन’ म्हटले, ठेकेदाराला ‘संस्था’ म्हटले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही लढाई औद्योगिक न्यायाधिकरणात नेली. २०१४ साली तेथे निकाल कामगारांच्या बाजूने लागला. पालिका उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २ हजार ७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला. त्यानंतरही यादीतील नावात अक्षराचा फरक आहे म्हणून कित्येकांना थांबावे लागले. आयुष्यभर कचरा उचलला त्याचा पुरावा नको होता. नावातील वेलांटीचा पुरावा हवा होता!

म्हणून आम्ही म्हणतो, कंत्राटाच्या कागदात कामगारासाठी कोणता शब्द वापरला आहे, हे मंजुरीच्या वेळीच पाहा. नंतर तो शब्द पुसायला वीस वर्षे लागतात. गटारात माणूस उतरवून त्याचा जीव गेला, तर “तो ठेकेदाराचा माणूस होता” म्हणून हात झटकता येत नाहीत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आहे. पण भरपाईने चुलीजवळची रिकामी जागा भरत नाही.

सभागृह नसते तेव्हा

मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. निवडणूक लांबली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. राज्यातील इतर अनेक शहरांतही हेच झाले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात आयुक्तच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव पाठवणारा तोच, समिती तोच आणि महासभाही तोच! सुमारे सहा हजार कोटी रुपयांची रस्ते काँक्रीटीकरणाची कंत्राटे याच काळात दिली गेली. ७४ हजार कोटींचे ते अंदाजपत्रकही सभागृहात नगरसेवक नसताना मांडले गेले.

प्रशासक प्रामाणिक नसतो असे आमचे म्हणणे नाही. नगरसेवक सारे धुतल्या तांदळासारखे असतात असेही नाही. पण समितीत विषय आला की कोणीतरी हरकत घेतो, वर्तमानपत्रात बातमी येते, वस्तीतील माणूस नगरसेवकाचे दार ठोठावतो. प्रशासकाच्या काळात दार ठोठावायचे कोणाचे? घरातील वही एकानेच लिहावी, त्यानेच तपासावी आणि त्यानेच पैसे काढावेत, हे आपण आपल्या घरात, आपल्या भिशीत तरी चालवून घेतो काय?

तपासणारा मोठा की खर्च करणारा?

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते, हे आपण भाषणात सांगतो. सरकारी तिजोरी हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाला राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले. विधिमंडळाने मंजूर केलेल्या मर्यादेत खर्च झाला की नाही, हे पाहणारा तोच, हे त्याचे कारण.

याचे प्रत्यंतर मुंबईतच आले. २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंतच्या सुमारे १२ हजार कोटी रुपयांच्या कामांची महालेखापरीक्षकांनी तपासणी केली आणि मार्च २०२३ मध्ये तो अहवाल विधानसभेत आला. २१४ कोटी रुपयांची २० कामे निविदा न मागवता दिली गेली, असे त्यात आढळले. ४ हजार ७५५ कोटींच्या कामांत ६४ ठेकेदारांशी करारच झालेला नव्हता. यातला बराच काळ निवडून आलेली समिती होती आणि पुढचा काही काळ प्रशासक होता. तेव्हा नुसती समिती असणे पुरेसे नाही. समितीकडे पाहणारे डोळे हवेत.

आपण काय करावे?

विहारात, महिला मंडळात, युवक संघटनेत वाचून दाखवता येईल असे थोडके सांगतो.

एक, डिसेंबर संपण्यापूर्वी वस्तीच्या गरजांची यादी करा आणि विभाग कार्यालयात लेखी द्या. पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते.

दोन, माहितीचा अधिकार २००५ सालापासून आपल्या हाती आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करता येते. “अमुक कामाचा खर्चाचा अंदाज, कार्यादेश, करारनामा, हजेरीपत्रक आणि दिलेल्या बिलांच्या प्रती द्याव्यात” एवढे स्पष्ट लिहा. “का झाले नाही?” असे विचारले तर उत्तर टाळले जाते. कागद मागा.

तीन, २०१८ सालच्या शासन निर्णयाने स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहण्याची सोय करण्यास सांगितले आहे. दोघे-तिघे मिळून जा. एकाने वाचावे, एकाने उतरवून घ्यावे.

चार, कंत्राटी कामगार बंधू-भगिनींनी हजेरीची स्वतःची वही ठेवावी, वेतनचिठ्ठी मागावी, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक पाठ करावा. ठेकेदाराने मजुरी दिली नाही, तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. हे १९७० च्या कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेतही आहे.

पाच, मत मागायला येणाऱ्याला एवढेच विचारा, “स्थायी समितीत आमच्या वस्तीचा विषय आला, तर तुम्ही काय बोलाल?”

आणि ताईचे काय झाले?

ताईच्या मुलीने, बारावीतल्या त्या पोरीने, माहितीचा अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला. आम्ही फक्त मुद्दे सांगितले. ताईसह चौदाजणींनी पालिकेकडे मुख्य मालक म्हणून मजुरीची मागणी करणारा दुसरा अर्ज दिला. एकटीने द्यायचा नाही, हे त्यांनीच ठरवले.

सत्तावीस दिवसांनी उत्तर आले. बिल कोणत्याही आभाळात अडकलेले नव्हते. ते त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लेखा विभागात गेले होते आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन जोडले नाही म्हणून ठेकेदाराकडे परत आले होते. ठेकेदाराने निधी भरलाच नव्हता, तर चलन कोठून जोडणार? तो ‘वर’ बोट दाखवत राहिला आणि कागद त्याच्याच टेबलावर पडून राहिला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या चार दिवस आधी दोन महिन्यांची मजुरी जमा झाली. तिसऱ्या महिन्याची अजून यायची आहे. निधीची तक्रार चालू आहे. चौदापैकी एकीला ठेकेदाराने कामावरून बसवले होते, ती बाकीच्या तेराजणी हटून बसल्यामुळे परत कामावर घेतली गेली.

मागील रविवारी ताई भेटली. हातात पिशवी होती, त्यात अर्जासोबत आलेले कागद. म्हणाली, “भाऊ, पोरीनं सगळं वाचून काढलं. त्यात लिहिलंय, दर कामगाराला वर्षाला गमबूट आणि हातमोजे. ठेकेदार त्याचे पैसे घेतो. मला तर चार वर्षांत एकदाबी मिळाले नाहीत.”

आम्ही विचारले, “मग?”

“मग काय? पोरगी दुसरा अर्ज लिहितीय.”

वाचकहो, आपल्या घरातही लिहिता-वाचता येणारे एखादे लेकरू आहेच. त्याच्या हाती हे पान द्या. जयभीम!